सोयरीक मोडणारी राजकन्या

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड मूळचे आपल्या नाशिक जिल्ह्यातले, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, हे वाचकांना नव्याने सांगायला नको. काशीराव गायकवाडांचा हा मुलगा गोपाळ. जन्म १८६३ सालचा, घर शेतकऱ्याचे, बारा वर्षांचा होईतो पाटीवर अक्षर गिरवलेले नाही. १८७५ साली इंग्रजांनी मल्हारराव महाराजांना गादीवरून उतरवले आणि खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई दत्तक घेण्यासाठी भाऊबंदांतली मुले पाहू लागल्या, तेव्हा या गोपाळवर निवड पडली. ‘इथे कशाला आलास?’ असे विचारल्यावर पोराने ‘राज्य करायला’ असे उत्तर दिले, ही गोष्ट कसमादे पट्ट्यात आजही पारावर बसून सांगतात.

ती गोष्ट आपण पुष्कळ वेळा ऐकली. आज सांगायची आहे ती त्यांच्या लेकीची. या लेकीची सोयरीक ठरली होती, घरी लग्नाची तयारी जोरात चालू होती, नवऱ्या मुलाकडे पाहुण्यांच्या उतरण्याची सोय होत होती. आणि अशा वेळी तिने नियोजित वराला स्वतःच्या हाताने पत्र लिहून कळवले की, मला हे लग्न करायचे नाही. साल होते १९११. आज आपल्या गावात पत्रिका छापून झाल्यावर मुलगी असे म्हणाली, तर काय हलकल्लोळ होईल याची कल्पना करा, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बडोद्याच्या राजवाड्यात काय झाले असेल ते ध्यानात येईल.

मुलीचे नाव इंदिराराजे. जन्म फेब्रुवारी १८९२ चा. सयाजीरावांची पहिली राणी १८८५ साली वारली, त्यानंतर देवासच्या घाटगे घराण्यातली गजराबाई बडोद्याची सून झाली आणि चिमणाबाई हे नाव तिला मिळाले. या दुसऱ्या चिमणाबाईंची इंदिराराजे ही एकुलती एक मुलगी, बाकी सगळे मुलगे. मुलग्यांच्या बरोबरीने ती वाढली, शिकली, आईवडिलांबरोबर तिने विलायत पाहिली.

स्थळ तोलामोलाचे, पण

स्थळ होते ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे. आता यात खोट काढायला जागा कुठे होती? गायकवाड आणि शिंदे, दोन्ही मराठा घराणी, दोन्हींना एकवीस तोफांची सलामी. माधवराव कर्तबगार राजे होते. राज्यात रेल्वे आणि पाटबंधाऱ्याची कामे त्यांनी पुढे नेली, कारभारावर त्यांची नजर असे. असे स्थळ चालून आल्यावर कोणता बाप नको म्हणेल? आपल्याकडेही मुलाची जमीन बागायती आहे, द्राक्षबाग आहे, विहिरीला बारमाही पाणी आहे, घराणे ओळखीतले आहे, एवढे जुळले की बाकीचे प्रश्न कुणी फारसे विचारत नाही.

पण दोन गोष्टी होत्या. माधवरावांचा जन्म १८७६ चा, म्हणजे वयात सोळा वर्षांचे अंतर. शिवाय माधवरावांचे एक लग्न आधीच झालेले होते. त्या राणीला मूल नव्हते, म्हणून गादीला वारस हवा यासाठी हे दुसरे लग्न. इंदिराराजेंना सवतीवर जायचे होते. ग्वाल्हेरच्या राजवाड्यात गोषाही कडक. उघड्या गाडीतून विलायतेतले रस्ते पाहिलेल्या मुलीला चिकाच्या पडद्याआडून जग पाहावे लागणार होते.

सवत ही गोष्ट आज आपल्याला कानाला खटकते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने पहिली बायको हयात आणि नांदती असताना दुसरी करणे बेकायदा ठरले, त्यालाही आता सत्तर वर्षे झाली. तेव्हा मात्र तो राजेरजवाड्यांचा रिवाज होता आणि पाटला-देशमुखांच्या वाड्यांतही चालत होता. म्हणूनच थोडे थांबून सयाजीरावांकडे पाहावेसे वाटते. त्यांनी स्वतः पहिली राणी वारल्यावरच दुसरे लग्न केले होते. त्यांच्या राज्यात १९०४ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला, १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, मुलामुलींना दोघांनाही. आणि चिमणाबाईंचे काय? हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी एका सहलेखकाबरोबर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९११ सालीच प्रसिद्ध झाले. स्त्रीने घराबाहेर पडून कोणकोणती कामे करावीत याचा त्यात विचार आहे. त्याच वर्षी घरातली मुलगी सवतीवर द्यायची तयारी चालू होती! आम्ही हे त्यांना कमी लेखण्यासाठी सांगत नाही. रयतेच्या मुलींसाठी कायदा करणे आणि स्वतःच्या मुलीची सोयरीक पाहणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम भल्याभल्यांना अवघड गेलेले आहे.

दिल्लीचा दरबार

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्लीत पंचम जॉर्ज बादशहाचा मोठा दरबार भरला. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा झाली ती याच दरबारात. हिंदुस्थानातले सगळे राजे आपापला लवाजमा घेऊन गेले होते. माळावर तंबूंचे एक शहरच उठले होते. आपल्याकडे यात्रेत जसे एका गावची पाले दुसऱ्या गावच्या पालांना लागून असतात आणि ज्यांची एरवी गाठ पडली नसती अशा माणसांची चार दिवस ऊठबस होते, तसेच तिथे झाले.

या दरबारात इंदिराराजेंची जितेंद्र नारायण यांच्याशी जवळीक झाली. बंगालच्या उत्तर टोकाला, हिमालयाच्या पायथ्याशी कुचबिहार नावाचे संस्थान होते, तिथले हे राजपुत्र. वय पंचवीसच्या घरात, देखणा, दिलखुलास. वडील त्याच वर्षी वारले होते आणि गादीवर मोठा भाऊ बसला होता. म्हणजे हा मुलगा राजा नव्हता आणि पुढे होईल अशी चिन्हेही नव्हती. मराठा नव्हता. त्याची आई सुनीतीदेवी ही ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांची मुलगी, तेव्हा घरात मूर्तिपूजा नाही. कुचबिहारची सलामी तेरा तोफांची. हिशेबाच्या वहीत मांडले तर प्रत्येक रकान्यात हे स्थळ ग्वाल्हेरच्या खाली येत होते.

याच दरबारात सयाजीरावांचीही एक हकिकत झाली. राजांनी बादशहासमोर तीनदा लवून, पाठ न दाखवता मागे सरत जायचे असा दंडक होता. सयाजीराव अंगावर फारसे दागिने न घालता गेले, एकदाच लवले आणि वळून परत फिरले. इंग्रजांनी हा अपमान मानला, विलायतेतल्या वर्तमानपत्रांनी गहजब केला, महाराजांना खुलासा लिहून द्यावा लागला. इंग्रज सरकारची मर्जी अशी फिरलेली असतानाच घरातला हा दुसरा गोंधळ उभा राहिला. बापलेकींनी एकाच दरबारात आपापला दंडक मोडला, असे म्हणायला हरकत नाही.

इंदिराराजेंनी आईबापांना न विचारता ग्वाल्हेरला पत्र टाकले. बडोद्याला ही बातमी कळली ती उलट्या वाटेने. ग्वाल्हेरहून महाराजांच्या नावे तार आली, राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय, अशी विचारणा करणारी. ती तार वाचून होईपर्यंत घरात कुणाला काही माहीत नव्हते. मुलीला समोर बोलावले गेले आणि तिने कबूल केले.

आधी ‘दुसरा कोण’ हा प्रश्न

इथे आमच्या मनात येते ते वाचकांपुढे ठेवतो. या प्रकरणात दोन गोष्टी होत्या. एक, ग्वाल्हेरचे स्थळ मुलीला नको होते. दुसरी, कुचबिहारचा मुलगा तिला हवा होता. दोन्ही एकदम पुढे आल्या, पण त्या एक नाहीत. जितेंद्र नारायण दिल्लीत भेटलेच नसते, तरी सोळा वर्षांचे अंतर तेवढेच राहिले असते, सवत राहिली असती आणि पडदाही राहिला असता. मुलगी कदाचित गप्प बसली असती, मुकाट्याने बोहल्यावर उभी राहिली असती, एवढाच फरक. दुसरा माणूस आवडला म्हणून पहिल्या लग्नातली खोट तिला बोलून दाखवता आली, असे आम्हाला वाटते. घरच्यांनी मात्र दुसरीच गोष्ट ऐकली. मराठ्याच्या राजाला नकार आणि बंगाल्याच्या धाकट्या मुलाला होकार, हे काय भलतेच! मग पहिली गोष्ट विचारात घ्यायला वेळ कुणाला होता?

आपल्या घरांतून वेगळे काय घडते? उन्हाळी कांदा चाळीत पडतो, काहीचा पैसा हाती येतो आणि लगीनसराई सुरू होते. टिळा होतो, साखरपुडा होतो, मंगल कार्यालयाला इसार दिला जातो, दोन्हीकडची मंडळी शहरात जाऊन बस्ता बांधून येतात. या धामधुमीत मुलगी आईजवळ चाचरत म्हणते, “आई, मला हे बरोबर वाटत नाही गं.” आईचा पहिला प्रश्न काय असतो? “दुसरा कुणी आहे का?” कुणी असला, तर मुलीची शंका तिथेच निकालात निघते, कारण आता ती शंका राहिली नाही, लफडे झाले. कुणी नसला, तरी शंका निकालात निघते, कारण मग ते नखरे ठरतात, नाहीतर लग्नाआधीची नुसती हुरहूर. दोन्हीकडून मुलीचे म्हणणे ऐकायचे राहूनच जाते. मुलग्यांचेही तसेच होते बरे का. शेतीत राबणाऱ्या मुलाला आज मुलगी मिळणे किती कठीण झाले आहे हे आपण पाहतो. अशा मुलाने ठरलेल्या सोयरिकीबद्दल शंका काढली, तर बाप त्याला बोलूही देत नाही.

हुरहूर आणि शंका यांत फरक असतो, हे खरे. हुरहूर सगळ्याच मुलींना असते. माहेर सुटणार, नवे घर, नवी माणसे, सासूबाई कशा असतील, पहाटे किती वाजता उठावे लागेल. ती आईच्या दोन शब्दांनी निवते. शंकेला मात्र कारण असते आणि ते कारण बोट ठेवून दाखवता येते. मुलगा पितो असे कानावर आले. शिक्षण सांगितले एक आणि निघाले दुसरे. साखरपुड्यानंतर देण्याघेण्याची यादी वाढू लागली. लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल असे आता सांगतात, आधी म्हणाले नव्हते. इंदिराराजेंची कारणे अशीच होती, बोट ठेवून दाखवता येणारी.

साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे, हेही या निमित्ताने सांगून टाकतो. भावकीच्या तोंडी ‘शब्द दिला’ हे वाक्य असते आणि शब्दाला मोल आहेच. पण कायद्याच्या दृष्टीने साखरपुड्याच्या जोरावर कुणाला बोहल्यावर उभे करता येत नाही. मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस वर्षे पुरी व्हावी लागतात, ही मर्यादा १९७८ पासून आहे, आणि जबरदस्तीने किंवा फसवून मिळवलेल्या संमतीवर झालेले लग्न न्यायालयात रद्द करून घेता येते. अर्थात कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा कार्यालयाचा इसार बुडालेला परवडला.

इंदिराराजेंनी पत्र चोरून लिहिले, ते योग्य झाले का? आईबापांचा जीव किती दुखावला असेल, हे कोणत्याही आईबापाला कळेल. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने आहे. त्या पळून गेल्या नाहीत. ज्याला आपला शब्द गेला होता त्यालाच त्यांनी पहिल्यांदा, सरळ, स्वतःच्या नावाने कळवले. माधवरावांना मांडवात उभे राहून अपमान सोसावा लागला नाही. पुढे त्यांनी गोव्याच्या राणे घराण्यातल्या गजराराजेंशी लग्न केले, त्यांना मुलगी आणि मुलगा झाला. बादशहा-बादशाहीणीच्या नावांवरून मुलांच्या नावांना मेरी आणि जॉर्ज जोडले गेले. ते जॉर्ज म्हणजे जिवाजीराव शिंदे, ग्वाल्हेरचे पुढचे महाराज. म्हणजे मोडलेल्या सोयरिकीने ग्वाल्हेरची गादी काही ओस पडली नाही.

दोन वर्षांची झुंज

पत्रानंतर लगेच सनई वाजली असे नाही. बडोद्याने कुचबिहारला साफ नकार दिला. मुलीवर पहारा बसला. तरीही टपालाने पत्रे जात-येत राहिली, पाकिटावर भलत्याच नावांचे पत्ते घालून. आज मोबाईल हिसकावून घेतात, तेव्हा टपालावर नजर ठेवत. जितेंद्र नारायण यांना बोलावून स्पष्ट सांगण्यात आले की, ही आशा सोडून द्या. त्यांनी सोडली नाही, तिनेही सोडली नाही.

आईबापांची बाजूही समजून घेतली पाहिजे. कुचबिहारच्या घराण्याचे राहणीमान साहेबी, खाणेपिणे मोकळे, मद्याचा प्याला नेहमी भरलेला. त्यात जातीचा प्रश्न, धर्मरीतीचा प्रश्न आणि शिंद्यांसारखे घर दुखावल्याची बोच. एकुलत्या एका मुलीची काळजी त्यांना वाटली, यात नवल ते काय? आणि मद्याच्या बाबतीतली भीती पुढे खरी ठरली, हे लपवण्यात अर्थ नाही.

अखेर १९१३ साली, युरोपच्या मुक्कामात, आईबापांनी नाइलाजाने संमती दिली. संमती दिली, पण स्वतः आले नाहीत. लंडनमधल्या एका हॉटेलात ब्राह्मो पद्धतीने लग्न लागले, तेव्हा इंदिराराजेंच्या बाजूने ना आई होती ना बाप, ना एकही भाऊ. आपल्या बायकांना विचारा, लग्नात माहेरचे माणूस नसणे म्हणजे काय. कवळाण्याच्या मुलाने राज्य मिळवले, सोन्याच्या तोफा असलेले बडोदे त्याचे, आणि त्याच्या लेकीच्या पाठीशी तिचा मामासुद्धा उभा नव्हता.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत, त्याच वर्षी, जितेंद्र नारायण यांचे मोठे भाऊ वारले. धाकटा मुलगा म्हणून ज्याला बडोद्याने कमी लेखले होते तो कुचबिहारचा महाराजा झाला. हौसेमौजेची नऊ वर्षे गेली. इळा, जगद्दीपेंद्र, इंद्रजितेंद्र, गायत्री आणि मेनका अशी पाच मुले झाली. नातवंडे झाली तसा बडोद्याचा रागही निवळला. आजोळी मुलांचे जाणे-येणे सुरू झाले.

डिसेंबर १९२२ मध्ये जितेंद्र नारायण लंडनमध्ये वारले. वय अवघे छत्तीस. दारूने शरीर पोखरले होते. इंदिराराजे तिसाव्या वर्षी विधवा झाल्या, पदरी पाच मुले, सर्वांत धाकटी दोन-अडीच वर्षांची. ‘बघा, आईबापांचे ऐकले असते तर’ असे म्हणणारे तेव्हाही असतीलच. पण ग्वाल्हेरचे माधवरावही १९२५ साली वारले. कपाळी लिहिलेले कोणत्या घरी कसे फळले असते, याचा हिशेब कुणी मांडू नये. इंदिराराजेंनी निवडलेल्या माणसाबरोबर नऊ वर्षे काढली आणि त्यानंतरचा भारही स्वतःच उचलला.

मुलगा अज्ञान होता, म्हणून १९३६ पर्यंत कुचबिहारचा कारभार त्यांनी रीजंट म्हणून पाहिला. विधवेने कोपऱ्यात बसावे अशा काळात त्या दरबारात बसल्या. त्यांच्यावर टीकाही झाली. युरोपचे दौरे, खर्चीक राहणी, इटलीतल्या एका नामांकित कारागिराकडून करवून घेतलेले ढीगभर बुटांचे जोड. आमच्या वाचक भगिनींना एक गंमत सांगण्यासारखी आहे. शिफॉनची साडी आपल्या देशात रूढ करण्याचे श्रेय त्यांनाच देतात. लग्नसराईत नाशिकच्या दुकानात शिफॉनचा ढीग उपसताना बडोद्याच्या या लेकीची आठवण कुणाला होत असेल, असे नाही.

त्यांची मुलगी गायत्रीदेवी हिने आईची ही सगळी कहाणी १९७६ साली आलेल्या आपल्या इंग्रजी आठवणींत सांगितली आहे, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. त्या गायत्रीदेवींच्या बाबतीत दैवाने मोठा खेळ केला. त्यांचे मन जडले जयपूरच्या महाराजा मानसिंगांवर, आणि मानसिंगांना आधीच्या दोन राण्या होत्या. सवतीवर जायचे नाही म्हणून जिने ग्वाल्हेरची सोयरीक मोडली, तिची मुलगी दोन सवतींवर जायला निघाली होती, आणि तीही आपखुशीने! इंदिराराजेंना हे पसंत नव्हते. जयपूरच्या जनानखान्यात काय वाढून ठेवलेले असेल, ते त्यांनी मुलीला सांगितले आणि लग्नाची घाई होऊ दिली नाही. मुलगी मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम राहिली. मग मे १९४० मध्ये लग्न लागले. ते परमुलखातल्या हॉटेलात नव्हे, कुचबिहारच्या स्वतःच्या घरी लागले, आणि मुलीची आई मांडवात हजर होती.